आज हिरवा... पण कोणता?

नवरात्रात लोकलचा अख्खा डबा एका रंगाचा होतो, असं आपण म्हणतो. नीट बघितलं तर त्या एका रंगाचे पन्नास प्रकार दिसतात. हे कम्प्युटरला समजावून सांगायचं तर ‘ह्यू, सॅच्युरेशन, लाइटनेस’ ही तीन बटणं कामाला येतात. फक्त त्यातलं तिसरं बटण जरा फसवं आहे. कसं ते आमच्या ग्रुपला एका फसलेल्या प्रोजेक्टने शिकवलं.

‘उद्या हिरवा!’ रात्री साडेदहाला घरच्या ग्रुपवर काकूचा मेसेज येतो. पाच मिनिटांत कॉलेजच्या ग्रुपवर तोच मेसेज, वर तीन हिरवी बदामं. मग कपाट उपसायचं, ताईचा कुर्ता ढापायचा आणि सकाळी मुलुंडहून लेडीज डब्यात चढायचं. वीसेक वर्षांपूर्वी मराठी वृत्तपत्रातून नवरात्राचे नऊ रंग छापून यायला लागले. आता मुंबईत त्या नऊ दिवसांत ऑफिस, बँक, कॉलेज, लोकल सगळीकडे तोच रंग असतो.

गेल्या नवरात्रात हिरव्याच्या दिवशी मी डब्यात उभी राहून सहज मोजायला लागले. दारातल्या मुलीचा कुर्ता पोपटी. खिडकीतल्या मावशींची साडी मेंदी रंगाची. कुणाचा टी-शर्ट बॉटल ग्रीन, कुणाची ओढणी पिस्ता. एक काकू मोरपंखी नेसून आल्या होत्या. त्यांना शेजारणीने लगेच टोकलं, “हा हिरव्यात चालतो का हो?” काकू म्हणाल्या, “काठ बघा ना, हिरवेच आहेत!” त्यावर घाटकोपर येईपर्यंत चर्चा. सगळ्या जणी ‘आज हिरवा’ पाळत होत्या आणि एकीचा रंग दुसरीशी जुळत नव्हता.

माझं कॉलेज अंधेरीला. त्यामुळे घाटकोपरला उतरून मेट्रो पकडायची. त्या दिवशी मेट्रोत उभी असताना डोक्यात एकच प्रश्न होता. आत्ता या डब्याचं चित्र कोडमध्ये काढायचं असेल, तर ‘हिरवा’ म्हणजे नक्की काय लिहायचं?

दुकानातली भाषा आणि स्क्रीनची भाषा

मोबाइलच्या स्क्रीनवर प्रत्येक ठिपक्यात तीन बारीक दिवे असतात. लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक दिवा ० ते २५५ मध्ये किती पेटवायचा ते आपण सांगतो. हेच ते आरजीबी. तीन दिव्यांच्या जोड्या केल्या तर एकूण रंग होतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. त्यातला एक छान केशरी घेऊ. लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१.

आता हाच केशरी जरा फिका करून दाखवा. कोणता आकडा किती वाढवायचा? उत्तर आहे २५५, २०४, १५३. आणि गडद? २०४, १०२, ०. पहिल्या वेळी दोन आकडे हलले, दुसऱ्या वेळी तिन्ही हलले. हे आकडे बघून ‘हो, हा तोच केशरी, फक्त गडद’ असं कुणालाही वाटणार नाही. मशीनला ही भाषा सोपी आहे, आपल्याला नाही.

आपली भाषा ऐकायची असेल तर आईबरोबर मॅचिंग सेंटरमध्ये जा. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, कुठेही स्टेशनजवळ एखादं असतंच. भिंतभर कप्पे आणि त्यात ब्लाउजपीसचे गठ्ठे. लाल एका बाजूला, मग केशरी, मग पिवळा, मग हिरवा. प्रत्येक रंगात फिक्यापासून गडदपर्यंत थर लावलेले. आई साडीचा पदर काउंटरवर पसरते आणि म्हणते, “भाऊ, रंग हाच, पण जरा फिका दाखवा ना.” दुकानदार एक तागा काढतो. “नको, हा फार भडक आहे.” दुसरा निघतो. “हा मळकट वाटतोय.” मग तो म्हणतो, “ताई, इथे लाइटमध्ये कळणार नाही. बाहेर उजेडात नेऊन बघा.”

या बोलण्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘रंग हाच’, म्हणजे मूळ रंग कोणता. ‘भडक’ किंवा ‘मळकट’, म्हणजे रंग किती शुद्ध आहे. ‘फिका’ किंवा ‘गडद’, म्हणजे तो पांढऱ्याकडे झुकतोय की काळ्याकडे. प्रोग्रामिंगमध्ये यांनाच अनुक्रमे ह्यू, सॅच्युरेशन आणि लाइटनेस म्हणतात. तिन्ही मिळून एचएसएल. आपला केशरी एचएसएलमध्ये लिहिला की होतो ३०, १००%, ६०%. फिका हवा? ३०, १००%, ८०%. गडद हवा? ३०, १००%, ४०%. एकच आकडा बदलला. वरचे आरजीबीचे आकडे याच तीन रंगांचे आहेत, ताडून बघा.

घड्याळात बसलेले रंग

ह्यू म्हणजे गोल चक्रावरचा कोन, ० ते ३६० अंश. शून्यावर लाल, ६० वर पिवळा, १२० वर हिरवा, १८० वर निळसर हिरवा, २४० वर निळा, ३०० वर राणी कलर, आणि ३६० वर परत लाल. लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून घड्याळ डोळ्यांसमोर आणा. एक तास म्हणजे ३० अंश. बाराला लाल, एकला केशरी, दोनला पिवळा, चारला हिरवा, आठला निळा. आता त्या मोरपंखीवाल्या काकूंचा वाद सोडवू. मोरपंखी साधारण सहाच्या आसपास बसतो. म्हणजे हिरव्यापासून दोन तास आणि निळ्यापासूनही दोन तास! दोघी बरोबर होत्या.

सॅच्युरेशन ० ते १०० टक्के. १०० ला रंग एकदम भडक. कमी करत गेलात की तो मळकट होतो, आणि शून्यावर रंग उरतच नाही, नुसता राखाडी राहतो. आपल्या केशरीचं सॅच्युरेशन शून्य केलं तर आरजीबीत १५३, १५३, १५३ येतं. मग ह्यू ३० ठेवा की २४०, काही फरक पडत नाही. नवरात्रात राखाडीचा दिवस आला की भांडणं का होत नाहीत ते आता कळलं. तिथे घड्याळाचा काटाच नाही, फक्त फिका की गडद एवढंच उरतं.

लाइटनेसही ० ते १०० टक्के. शून्य म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा, आणि मध्ये ५० वर रंग सगळ्यात खुललेला.

आता डब्यातले हिरवे परत बघा. माझ्या डोळ्यांच्या अंदाजाने पोपटी साधारण ८५, ७५%, ५०%. पिस्ता ९५, ४५%, ७५%. मेंदी ७०, ५०%, २८%. बॉटल ग्रीन १५५, १००%, २०%. पोपटी आणि पिस्ता घड्याळात जवळजवळ एकाच जागी आहेत. फरक आहे तो भडकपणाचा आणि फिकेपणाचा. ‘हिरवा’ हा एक शब्द चक्रावरचा चांगला ऐंशी-पंच्याऐंशी अंशांचा पट्टा व्यापून बसलाय.

ही कल्पना कम्प्युटरपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या अल्बर्ट मन्सेल नावाच्या चित्रकलेच्या शिक्षकाने १९०५ मध्ये रंगांची अशीच तीन मापं सांगणारं पुस्तक काढलं. कम्प्युटर ग्राफिक्समध्ये ती आली १९७८ मध्ये. त्या वर्षी ‘सिग्राफ’ या परिषदेत दोन पेपर आले. एक अल्व्ही रे स्मिथचा, जो पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्याने एचएसव्ही मांडलं. दुसरा जॉर्ज जोबलोव्ह आणि डोनाल्ड ग्रीनबर्ग यांचा, ज्यात एचएसएल होतं. वेबसाइटचे रंग ज्यात लिहितात त्या सीएसएसमध्ये आता एचएसएल थेट लिहिता येतं.

नऊ रंग, एक लूप

एचएसएल एकदा हातात आलं की कोड लिहायला मजा येते. नवरात्रासाठी नऊ वेगळे रंग हवेत? ३६० भागिले ९, म्हणजे ४०. ह्यू शून्यापासून सुरू करा आणि दरवेळी ४० मिळवा. सॅच्युरेशन आणि लाइटनेस तेच ठेवा. तीन ओळींच्या लूपमध्ये नऊ रंग तयार. वेबसाइटचं बटण माउस नेल्यावर गडद व्हायला हवं? लाइटनेसमधून १० वजा करा. फेस्टच्या पोस्टरला एकाच रंगाच्या पाच छटा हव्यात? ह्यू पकडून ठेवा आणि लाइटनेस २०, ३५, ५०, ७०, ९० करा. डार्क मोड करायचाय? बरंचसं काम लाइटनेसचे आकडे उलटे लावून होतं.

दोन खड्डे मात्र आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या ग्रुपमधले सगळे त्यात पडलेत. पहिला म्हणजे एचएसएल आणि एचएसव्ही एकच समजणं. (एचएसव्हीला बऱ्याच डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एचएसबी म्हणतात.) आपला तोच केशरी एचएसव्हीत ३०, ८०%, १००% असा लिहितात. हे आकडे उचलून एचएसएलमध्ये टाकले तर लाइटनेस १०० झाला, म्हणजे केशरी गायब आणि स्क्रीन पांढरी! दुसरा खड्डा पायथनवाल्यांसाठी. पायथनच्या कलरसिस मॉड्यूलमध्ये क्रम एचएलएस असा आहे. लाइटनेस मध्ये, सॅच्युरेशन शेवटी, आणि सगळे आकडे ० ते १ मध्ये. व्हायव्हाच्या आदल्या रात्री हे कळणं चांगलं नसतं.

विरार लोकल आणि लाल चौकोन

आता त्या फसलेल्या प्रोजेक्टबद्दल. सेकंड इयरला आमचा मिनी प्रोजेक्ट होता. लोकलच्या कुठल्या डब्यात किती गर्दी आहे, हे आधी चढलेले मित्र टाकणार आणि पुढच्या स्टेशनवरच्यांना ते अॅपवर दिसणार. बारा डबे, बारा चौकोन. खच्चून भरलेला डबा लाल, चढता येईल तो हिरवा. शब्द नाहीत, खुणा नाहीत, ‘क्लीन लुक’ हवा होता ना! रंग मी निवडले होते, अर्थात एचएसएलमध्ये. लाल होता ०, ६०%, ५०%. हिरवा त्याच लाइटनेसला डोळ्यांवर येत होता, म्हणून मी तो खाली आणला, १२०, ६०%, ३०%. स्क्रीनवर दोन्ही रंग मस्त शांत, मॅच्युअर वगैरे दिसत होते.

ट्रायलला आमच्यातला बोरिवलीकर होता. विरारहून येणारी लोकल बोरिवलीला पकडणं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत. त्या दिवशी त्याचं सबमिशन होतं. अॅप बघून तो एका डब्यासमोर जाऊन उभा राहिला. ट्रेन आली तेव्हा दारातूनच माणसं लटकत होती. ट्रेन गेली. पुढच्या ट्रेनला तेच. सबमिशनला तो पाऊण तास उशिरा पोहोचला आणि सरांनी आत घेतलं नाही.

कँटीनमध्ये मी त्याला वैतागून म्हटलं, “अरे, डबा लाल दिसत होता ना? मग त्याच्यासमोर कशाला उभा राहिलास?”

तो दोन मिनिटं वडापावच्या कागदाची घडी घालत बसला. मग म्हणाला, “अगं, मला दोन्ही सेमच दिसतात.”

त्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. शाळेपासून. चित्रकलेच्या तासाला खडूवरचं नाव वाचून रंग भरायचा. कपडे घेताना बहिणीला विचारतो. आमच्यापैकी कुणालाच त्याने हे सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की लोक हातात पेन धरून ‘हा कोणता रंग सांग’ असा खेळ सुरू करतात. दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो.

त्याला जग काळं-पांढरं दिसतं असं अजिबात नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातल्या लाल-हिरव्या भागाचं काम करणाऱ्या पेशींपैकी एक प्रकार नसला किंवा वेगळा चालला, की ह्यूमधले काही फरक पुसले जातात. याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असतात. मुलांमध्ये एक्स एकच असल्यामुळे हे मुलींपेक्षा मुलांमध्ये कितीतरी जास्त आढळतं. म्हणजे तुमच्या साठ-सत्तरच्या वर्गात असं कुणीतरी असण्याची शक्यता चांगलीच आहे. सांगत नसेल, एवढंच.

पण फिका आणि गडद यातला फरक त्याला आपल्यासारखाच कळतो. मग मी त्याला विचारलं, “लाल ५० वर आहे, हिरवा ३० वर. वीसचा फरक आहे. तो तरी दिसायला हवा होता?” तो म्हणाला, “नाही दिसत. तू स्वतःच बघ.” मी फोन ग्रेस्केलवर टाकला आणि आमचं अॅप उघडलं. बाराच्या बारा चौकोन एकाच राखाडी रंगाचे होते.

पन्नास म्हणजे पन्नास नाही

असं का झालं? कारण एचएसएलमधला लाइटनेस काढायची पद्धत फार साधी आहे. तीन दिव्यांपैकी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी पेटलेला दिवा घ्यायचा, बेरीज करून दोनने भागायचं. बस. कोणता दिवा, हे विचारायचंच नाही. आपला डोळा मात्र विचारतो. स्क्रीनवरच्या पांढऱ्या उजेडात डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाचा साधारण ७२ टक्के वाटा हिरव्या दिव्याचा असतो, २१ टक्के लालचा आणि निळ्याचा फक्त ७ टक्के. म्हणून ३० वरचा हिरवा आणि ५० वरचा लाल डोळ्याला जवळपास सारखेच उजळ वाटतात.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण रोज आपल्या डोक्यावरून जातं. मेट्रो वन, म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, २०१४ मध्ये सुरू झाली. ती ब्लू लाइन. दहिसरहून अंधेरी वेस्टला येणारी टू-ए ही यलो लाइन. तिचा पहिला टप्पा २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झाला. अंधेरी वेस्टला यलो लाइनमधून उतरून पुलावरून डी. एन. नगरला ब्लू लाइन पकडता येते. आता या दोन लाइनचा नकाशा तुम्हाला कोडमध्ये काढायचाय असं समजा. शुद्ध पिवळा म्हणजे ६०, १००%, ५०%. शुद्ध निळा म्हणजे २४०, १००%, ५०%. एचएसएलच्या हिशेबाने दोघांचा लाइटनेस सेम, ५०.

दोघांवर पांढऱ्या अक्षरात स्टेशनचं नाव लिहून बघा. निळ्यावर खणखणीत वाचता येतं, पिवळ्यावर अक्षरं दिसतच नाहीत. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यात अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट मोजतात. साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५ हवा, मोठ्या ठळक अक्षरांसाठी ३ चालतो. शुद्ध निळ्यावर पांढरं अक्षर लिहिलं तर कॉन्ट्रास्ट ८.५९ येतो. शुद्ध पिवळ्यावर १.०७. एक म्हणजे अक्षर आणि कागद एकाच रंगाचे, त्यामुळे १.०७ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. काळं अक्षर घेतलं तर चित्र उलटतं. पिवळ्यावर १९.५६ आणि निळ्यावर फक्त २.४४.

आमच्या लाल आणि हिरव्या चौकोनांमधला कॉन्ट्रास्ट मी मग मोजला. १.०५ निघाला. आम्ही अॅपमधली सगळी माहिती फक्त ह्यूच्या भरवशावर सोडली होती, आणि बोरिवलीकराला नेमका तिथलाच फरक दिसत नव्हता.

झेरॉक्स टेस्ट

खरं तर हा धडा आपल्याला झेरॉक्सवाल्याने आधीच दिलेला असतो. सिनियरच्या नोट्स, त्यात चार रंगांतला सुंदर बार ग्राफ. दोन रुपयांत ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स काढली की चारही बार सारखेच करडे. परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणता बार कशाचा, हे कुणालाच कळत नाही. झेरॉक्समध्ये ह्यू जातो आणि उजळपणा राहतो. तुमचं डिझाइन झेरॉक्स होऊनही समजत असेल तर ते जवळजवळ कुणालाही समजेल. ऊन पडलेल्या प्लॅटफॉर्मवर, ब्राइटनेस कमी केलेल्या फोनवर, आजीच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही.

आम्ही अॅपचे रंग बदलले. भरलेला डबा गडद लाल, ०, ७०%, ३५%. मधला केशरी, ३०, ९०%, ५०%. मोकळा डबा फिका हिरवा, १२०, ५०%, ७५%. लाल आणि हिरव्यातला कॉन्ट्रास्ट आता पाचच्या वर गेला. शिवाय चौकोनांत शब्द टाकले, ‘फुल’, ‘चालेल’, ‘मोकळा’. अर्थ नुसत्या रंगावर सोडू नका, हा तर त्या निकषांमधलाही एक नियम आहे. क्लीन लुक गेला. बोरिवलीकराने फोन ग्रेस्केलवर टाकला, परत रंगीत केला आणि म्हणाला, “आता मला न विचारता कळतं.” सबमिशनचे मार्क काही परत आले नाहीत.

लाइटनेसच्या या घोटाळ्यावर उपायही निघालेत. ब्योर्न ओटोसन नावाच्या स्वीडिश प्रोग्रामरने २०२० मध्ये ओकेलॅब ही पद्धत मांडली. त्यातलाच ओकेएलसीएच हा प्रकार आता सीएसएसमध्ये आणि सगळ्या मोठ्या ब्राउझर्समध्ये चालतो. त्यातही तीन बटणं आहेत, लाइटनेस, भडकपणा आणि ह्यू. पण लाइटनेस डोळ्याला जाणवेल असा मांडलेला असल्याने तिथे पिवळ्याचा आकडा मोठा येतो आणि निळ्याचा लहान. नवीन प्रोजेक्ट सुरू करत असाल तर तो वापरून बघा. म्हणून एचएसएल टाकाऊ ठरत नाही. विचार करायला, छटा काढायला, मित्राला फोनवर रंग सांगायला ते अजूनही भारी आहे. फक्त ‘वाचता येतंय का’ हा प्रश्न त्याला विचारू नका.

बोरिवलीकराला फ्रंट-एंडमध्येच काम करायचंय. ‘तुला रंग दिसत नाहीत, तू बॅक-एंड घे’ हे त्याने ऐकून झालंय, आमच्याकडूनसुद्धा. मध्यंतरी त्यानेच मला पुण्याच्या एफटीआयआयची केस सांगितली. २०१५ मध्ये फिल्म एडिटिंगच्या कोर्ससाठी निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधतेमुळे प्रवेश नाकारला गेला. मुंबई हायकोर्टात त्याची याचिका फेटाळली गेली. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि एप्रिल २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं, की रंगांधता आहे म्हणून फिल्मच्या कोर्सेसमधून कुणाला वगळू नका. सात वर्षं गेली. बोरिवलीकराचं म्हणणं सरळ आहे. आमच्या अॅपमधली चूक पहिल्या दिवशी फक्त त्यालाच दिसली असती, पण आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

यंदाच्या नवरात्रात हिरव्याच्या दिवशी ग्रुपवर मेसेज येईल तेव्हा तो नेहमीसारखा बहिणीला विचारेल, “हा हिरवाच आहे ना?” या वेळी मी त्याला आकडे पाठवणार आहे. ह्यू ७० पासून १५५ पर्यंत काहीही चालेल म्हणून. आणि रंगाच्या बाबतीत मॅचिंग सेंटरच्या त्या दुकानदाराचं मी कायमचं ऐकायचं ठरवलंय. बाहेर उजेडात नेऊन बघायचं, आणि बरोबर अजून कुणाला तरी बघायला सांगायचं.

करून बघा

• क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा. कुठल्याही रंगाच्या छोट्या चौकोनावर शिफ्ट दाबून क्लिक केलं की तोच रंग वेगवेगळ्या पद्धतीने, एचएसएलमध्येही, लिहिलेला दिसतो.

• त्याच टूल्समधल्या रेंडरिंग टॅबमध्ये रंगांधतेचे वेगवेगळे प्रकार निवडून तुमची साइट त्या डोळ्यांनी बघता येते.

• फोनच्या सेटिंगमध्ये ग्रेस्केल शोधा आणि तुमच्या फेस्टचं पोस्टर उघडा. तारीख आणि ठिकाण वाचता येतंय का?

• पिवळ्यावर पांढरं लिहायचा मोह झाला तर १.०७ हा आकडा आठवा.

• शेवटची टेस्ट स्क्रीनवर नाही. भर दुपारी अंधेरीच्या उघड्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून तुमचं अॅप उघडा.